किबेरातली टपरी मोठी का होत नाही?

संध्याकाळी नैरोबीच्या किबेरा वस्तीत लोक कामावरून पायी परतू लागतात आणि रुळांच्या कडेची, मातीच्या अरुंद वाटांवरची दुकानं गजबजतात. लाकडी फळ्यांच्या मांडणीवर भाजी लावून बसलेल्या बाईला तिथं ‘मामा म्बोगा’ म्हणतात. स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई आणि म्बोगा म्हणजे भाजी. तिच्यापुढे टोमॅटोचे चार-चार, पाच-पाचचे वाटे लावलेले असतात, अगदी आपल्या आठवडी बाजारातल्यासारखे. शेजारी ‘सुकुमा विकी’ नावाच्या पालेभाजीच्या जुड्या. या नावाचा शब्दशः अर्थ ‘आठवडा पुढे ढकल’ असा आहे, कारण हातात पैसे येईपर्यंतचे दिवस याच भाजीवर निभतात. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच ती बाई जुडी मुठीत घट्ट आवळते आणि सुरीनं बारीक चिरून पिशवीत भरून देते. दिवसभर राबून आलेल्या गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो. भाजी लवकर शिजते, म्हणून रॉकेल किंवा कोळसा वाचतो, आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक तिच्याकडेच येतं. थोडं पुढे कुणी मका आणि घेवडा उकडून गरमागरम विकत असतं. घेवडा शिजायला तास-दीड तास लागतो. तेवढं इंधन घरोघरी जाळण्यापेक्षा एका मोठ्या पातेल्याखाली जाळलं तर सगळ्यांनाच स्वस्त पडतं, हे त्या विक्रेत्यानं ओळखलेलं असतं.

गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय याची इतकी अचूक जाण असलेले हे लोक पहाटे घाऊक बाजार गाठतात आणि अंधार पडेपर्यंत बसून असतात. तरीही त्यांची टपरी दहा वर्षांनी बहुधा टपरीच राहते. असं का होतं? ‘शिक्षण नाही म्हणून’, ‘कर्ज मिळत नाही म्हणून’, ‘महत्त्वाकांक्षाच नाही म्हणून’ अशी ठरीव उत्तरं या प्रश्नाला मिळतात. मला ती अपुरी वाटतात. टपरी लहान ठेवणं हा बऱ्याचदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. उद्या काय होईल याची शाश्वती नसलेल्या जागी सगळं भांडवल एकाच ठिकाणी गुंतवणं धोक्याचं असतं आणि ते या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याकडे उद्योजकता भरपूर आहे, कमतरता शाश्वतीची आहे. हे नीट समजून घेतलं नाही, तर मदतीच्या नावाखाली चुकीच्या गोष्टी त्यांच्या गळ्यात मारल्या जातात.

किबेरा नैरोबीच्या मध्यभागापासून पाच-सहा किलोमीटरवर, जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागेत वसलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी आपल्या फौजेतल्या न्युबियन सैनिकांना इथल्या रानात राहू दिलं. ‘किब्रा’ हा त्यांच्या भाषेतला रानासाठीचा शब्द. इथं दहा लाख लोक राहतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई, पण २००९च्या जनगणनेत ही संख्या सुमारे १ लाख ७० हजार भरली. ती धरली तरी एका चौरस किलोमीटरमध्ये ६५ हजारांच्या वर माणसं होतात. वस्तीतून जाणारा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांच्या श्रमातून. त्याच काळात तिथं गेलेल्या हिंदी दुकानदारांच्या व्यवहाराच्या खुणा स्वाहिलीत आजही दिसतात. दुकानाला तिथं ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’, वाहनाला ‘गारी’ आणि लाखाला ‘लाकी’. चपाती आणि ‘काचुंबारी’ तर टपरीटपरीवर मिळते. केनियात शेतीबाहेरच्या दर शंभर रोजगारांपैकी सुमारे ८३ असे अनौपचारिक आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार साऱ्या आफ्रिका खंडात, शेती धरून, हे प्रमाण ८५ टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे अर्थव्यवस्थेच्या कडेला उरलेला हा एखादा किरकोळ तुकडा नव्हे. बहुसंख्य लोकांची चूल यावरच पेटते.

‘अनौपचारिक’ हा शब्दच मुळात आफ्रिकेतल्या अशा वस्त्यांमुळे रूढ झाला. घानाची राजधानी आक्रा इथल्या नीमा या गरीब वस्तीचा अभ्यास करताना कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की सरकारी भाषेत ज्यांना बेकार म्हणतात ती माणसं प्रत्यक्षात एकाच वेळी दोन-तीन धंदे करत असतात. १९७१च्या एका परिषदेत त्यांनी ही मांडणी केली. पुढच्याच वर्षी श्रम संघटनेच्या केनियावरच्या अहवालाने तो शब्द जगभर पोचवला. हे धंदे बऱ्याच प्रमाणात कार्यक्षम आणि नफा मिळवणारे आहेत, त्यांच्या टपऱ्या पाडणं आणि त्यांना छळणं थांबवा, असं त्या अहवालाने १९७२ साली स्पष्ट सांगितलं होतं. केनियात या कारागिरांना ‘जुआ काली’ म्हणतात. त्याचा अर्थ कडक ऊन. डोक्यावर छप्पर नसताना उन्हात बसून पत्रा ठोकणाऱ्यांना मिळालेलं हे नाव पुढे सगळ्याच लहान धंद्यांना लागलं. पण अहवालाला पन्नास वर्षं उलटली तरी राज्यकर्त्यांची नजर दोन टोकांमध्येच हेलकावे घेत राहिली. एकदा हे लोक अतिक्रमण ठरतात, आणि निवडणूक आली की देशाचा कणा. २०२२च्या निवडणुकीत विल्यम रूटो यांनी ‘हसलर’, म्हणजे मिळेल ते काम करून पोट भरणारा, हा शब्द प्रचाराच्या केंद्रस्थानी आणला आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. गौरव मिळाला ही चांगली गोष्ट आहे. पण गौरवाने टपरीचं भाडं भागत नाही.

धंदा लहान राहण्याचं पहिलं कारण गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. किबेरात बरेच लोक रोजंदारीवर जगतात, म्हणून खरेदीही रोजची आणि थोडी-थोडी असते. तिथं याला ‘कडोगो’ म्हणतात, म्हणजे छोटंसं. तेल मापाने सुटं, साखर पुडीत, साबण वडीतून कापलेला. अशा विक्रीत दर नगामागचा नफा बरा वाटतो, पण एकूण विक्रीच मर्यादित असते. दुकानदाराने दुप्पट माल भरला म्हणून गल्लीतल्या लोकांची मिळकत दुप्पट होत नाही. त्यातच उधारी. शेजारणीला नाही म्हणता येत नाही, कारण उद्या आपल्याला गरज पडली तर दार तिचंच ठोठावावं लागणार. मागणीचं महत्त्व किती मोठं आहे हे केनियातल्याच एका प्रयोगाने दाखवलं. सियाया या ग्रामीण भागात दहा हजारांहून जास्त गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १ हजार डॉलर एकदाच आणि बिनशर्त देण्यात आले. त्यानंतर आसपासच्या लहान धंद्यांची विक्री चांगली वाढली. अभ्यासकांच्या हिशेबाने प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली आणि महागाई मात्र जवळजवळ वाढली नाही. दुकानदारांना ना कुणी प्रशिक्षण दिलं होतं ना कर्ज. फक्त गिऱ्हाइकाच्या हातात पैसा आला होता. गाव आणि शहरातली वस्ती यांत फरक आहे, पण टपरीचं नशीब गिऱ्हाइकाच्या मिळकतीला बांधलेलं असतं हे दोन्हीकडे सारखंच.

दुसरं कारण जागेचं. किबेराची बहुतेक जमीन सरकारची. त्यावर खोल्या आणि गाळे उभारणाऱ्यांकडे मालकीचे कागद नाहीत, आणि त्यांत राहणारे नि धंदा करणारे बहुतांश भाडेकरू. डागडुजीसाठीही स्थानिक प्रशासकीय अधिकाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. शहरात विकायला गेलं तर नगरपालिकेचे शिपाई आहेत. ‘कांजो’ या नावाने त्यांची धास्ती सगळ्या नैरोबीला आहे. माल उचलून नेतील की काही पैसे देऊन सुटका होईल, हा रोजचा प्रश्न. मोठी संकटं वेगळीच. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात किबेराला लागून असलेला टोई बाजार जळून गेला. जुलै २०१८ मध्ये रस्त्यासाठी वस्तीचा एक पट्टा बुलडोझरने सपाट केला गेला आणि घरांबरोबर शाळा आणि दुकानंही गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात, जुन्या कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नैरोबीच्या गिकोंबा बाजाराला लागलेल्या आगीत १५ माणसं गेली. अशा ठिकाणी विटांची भिंत कोण बांधेल? फ्रिज किंवा शिलाईची दुसरी मशीन कोण आणेल? चादरीत गुंडाळून तासाभरात हलवता येईल एवढाच माल ठेवणं हा तिथला शहाणपणा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला जी अल्पसंतुष्टता वाटते, ती प्रत्यक्षात ठेच खाऊन आलेली सावधगिरी असते.

तिसरं कारण घरातलं. टपरीचा गल्ला आणि घराचा खर्च यांची थैली एकच असते. मूल आजारी पडलं, शाळेची फी आली, गावाकडे मयत झालं की पैसे तिथूनच जातात. भांडवल वाढतं आणि एका दवाखान्यात संपतं. म्हणून लोक पैसा डोळ्यांआड ठेवण्याच्या युक्त्या शोधतात. त्यातली सर्वांत जुनी म्हणजे ‘चामा’. दहा-पंधरा जणी दर आठवड्याला ठरावीक रक्कम जमा करतात आणि पाळीपाळीने एकेकीला सगळी रक्कम मिळते. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, ही आपली भिशीच. पश्चिम केनियातल्या एका बाजारगावी अर्थतज्ज्ञांनी विक्रेत्यांना बँकेत साधी खाती उघडून दिली. त्यावर व्याज नव्हतं, उलट पैसे काढताना शुल्क पडे. तरीही भाजी आणि किरकोळ माल विकणाऱ्या बायकांनी ती खाती वापरली आणि काही महिन्यांतच त्यांची धंद्यातली गुंतवणूक ३८ ते ५६ टक्क्यांनी वाढली. पैसे सुरक्षित राहावेत म्हणून या बायका पदरचं शुल्क भरायला तयार झाल्या. त्यांची अडचण नेमकी कुठे होती हे यापेक्षा स्पष्टपणे कोण सांगणार?

मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या ‘एम-पेसा’ सेवेची गोष्टही हेच सांगते. मार्च २००७ मध्ये ती केनियात सुरू झाली आणि कोपऱ्यावरचे छोटे दुकानदारच तिचे एजंट झाले. गावाकडे बसने पैसे पाठवणं, वाटेत चोरीची भीती, हे सगळं मागे पडलं. पण तिचा खरा लाभ संकटात दिसला. आजारपण किंवा रोजगार जाण्यासारखा आघात झाल्यावर एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबांचा घरखर्च सुमारे ७ टक्क्यांनी खाली आला, वापरणाऱ्यांचा मात्र टिकून राहिला, कारण दूरच्या नातेवाइकांची मदत तत्काळ पोचली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या सेवेमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं दारिद्र्यातून बाहेर पडली आणि १ लाख ८५ हजार बायका शेतीऐवजी धंद्याकडे वळल्या. धक्का पचवण्याची सोय झाली, तेव्हा धंद्यात उतरण्याचं धाडस वाढलं, असा मी याचा अर्थ लावतो. याच फोनवर पुढे कर्जं आली तेव्हा चित्र वेगळं झालं. २०१२ मध्ये आलेल्या ‘एम-श्वारी’ कर्जावर तीस दिवसांसाठी साडेसात टक्के शुल्क होतं. वर्षाच्या हिशेबाने ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. २०२२ मध्ये सरकारने आणलेल्या ‘हसलर फंडा’चं व्याज वर्षाला ८ टक्के आहे, म्हणजे किती तरी न्याय्य. पण कर्ज स्वस्त झालं तरी ते फेडावं लागतंच, आणि टपरी पाडली गेली तरी हप्ता चुकत नाही. इथिओपिया, मोरोक्को, भारत यांसह सहा देशांतल्या सूक्ष्मकर्जांचे काटेकोर अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की अशा कर्जांचा थोडाफार उपयोग होतो, पण गरिबीचा कायापालट होत नाही. कर्जाने धोका कमी होत नाही. तो धंदेवाल्याच्याच डोक्यावर राहतो, वर व्याज चढतं.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा, की हे लोक एकमेकांची नक्कलच करतात. एका गल्लीत आठ भाजीवाल्या, सहा न्हावी, पाच मोबाइलवाले; नवं काही नाहीच. यात तथ्य आहे. भांडवल थोडं असेल तर माणूस ज्याची विक्री होते हे डोळ्यांनी दिसतं तेच आणतो, कारण फसलेला प्रयोग त्याला परवडत नाही. पण वाव मिळाला तर काय होतं हे केनियाच्या ‘जिको’ शेगडीने दाखवलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडच्या नमुन्यावरून बाहेर पत्रा आणि आत भाजलेल्या मातीचं अस्तर असलेली कोळशाची शेगडी केनियात विकसित झाली. ती घडवली आणि पसरवली जुआ काली कारागिरांनी. जुने पत्रे कापून, जुन्या रुळाच्या तुकड्यावर ठोकून त्यांनी ती इतकी स्वस्त केली, की ती घरोघरी गेली आणि कोळशाचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त कमी झाला. एकमेकांचं पाहून शिकण्याच्या ज्या सवयीला नावं ठेवली जातात, तिनेच हे काम केलं. फक्त नमुना सिद्ध करण्याचा सुरुवातीचा धोका दुसऱ्या कुणी तरी उचलला होता. म्हणून नवा माल करून पाहण्याची जोखीम संस्थांनी आणि सरकारने घ्यावी, कारागीर पुढचं पाहून घेतात.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनाचा. हिशेब नीट ठेवत नाहीत, सुट्टे पैसेसुद्धा ठेवत नाहीत. हेही अंशतः खरं. केनियातल्या पाचशेहून अधिक लहान धंद्यांच्या पाहणीत दिसलं, की पुरेशी मोड जवळ नसल्याने गिऱ्हाईक परत जातं आणि त्यात नफ्याचा ५ ते ८ टक्के भाग बुडतो. कुणी तरी त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागल्यावर हेच दुकानदार जास्त सुट्टे ठेवू लागले. म्हणजे सुधारणेला जागा आहे आणि ती करण्याची तयारीही आहे. पण ५ ते ८ टक्क्यांच्या सुधारणेने टपरीचं दुकान होत नाही. शिकवणी वर्ग जरूर असावेत, पण ते जागेच्या आणि सुरक्षिततेच्या प्रश्नाला पर्याय म्हणून पुढे केले जाऊ नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: टपऱ्या जपत बसण्यापेक्षा कारखाने काढा, लोकांना पगाराची नोकरी हवी असते. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी गरीब धंदेवाल्यांपैकी अनेकांना नाइलाजाने झालेले उद्योजक म्हटलं आहे आणि ते मला पटतं. स्थिर नोकरी मिळत असेल तर भाजीची मांडणी आनंदाने सोडून देणाऱ्या बायका किबेरात नक्कीच असतील, आणि आपल्या मुलांनी तरी नोकरी करावी अशी इच्छा बहुतेकींची असेल. पण नोकरी कसली, हा प्रश्न उरतो. इथिओपियात सुमारे हजार तरुण उमेदवारांपैकी काहींना कारखान्यात काम मिळालं आणि काहींना तीनशे डॉलर आणि थोडं प्रशिक्षण देऊन धंद्याला लावलं. वर्षभरात कारखान्यात लागलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त जण काम सोडून गेले. पगार बाहेरच्या कमाईपेक्षा जास्त नव्हता आणि काम तब्येतीला अपायकारक होतं. धंदेवाल्यांची मिळकत मात्र सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली. पाच वर्षांनी हा फरकही जवळजवळ मिटला. या निकालातून दोन गोष्टी शिकाव्यात. वाईट नोकरी हे टपरीपेक्षा वरचं पाऊल नसतं, आणि एकदाच दिलेली रक्कम कायमची शिडी ठरत नाही. चांगले कारखाने उभे राहायलाच हवेत. पण ते होईपर्यंतची दशकं ज्यांना जगून काढायची आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडण्याचं ते निमित्त होऊ शकत नाही.

उरला कर आणि अतिक्रमण यांचा मुद्दा. हे लोक काहीच भरत नाहीत हा गैरसमज आहे. बाजाराची रोजची पावती, परवान्याची फी, घेतलेल्या साबणावरचा १६ टक्के मूल्यवर्धित कर आणि वरून शिपायाचा हप्ता, हे सगळं त्यांच्याच खिशातून जातं. पाणी तर खाजगी टाक्यांवरून वीस-वीस लिटरच्या कॅनने विकत आणावं लागतं आणि नळ असलेल्या सधन वस्तीपेक्षा ते महाग पडतं. भरतात, पण बदल्यात हक्क मिळत नाही. रस्ता मोकळा हवा ही अपेक्षा मात्र रास्त आहे, आणि इथं मुंबईशी एक खरा धागा जुळतो. २००४ मध्ये केनियाच्या रेल्वेने किबेरातल्या रुळांलगतच्या लोकांना हटवण्याची नोटीस काढली, तेव्हा ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ या झोपडीवासीयांच्या महासंघाने आधी पुनर्वसनाची मागणी लावून धरली. हा महासंघ ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे, तिचे अध्यक्ष दीर्घकाळ मुंबईचे जोकिन अर्पुथम होते. मुंबईत रुळांलगतच्या झोपड्यांचं पुनर्वसन कसं झालं, हे पाहायला केनियाचे रेल्वे अधिकारी आले. रोज थोडी बचत करून त्या बळावर सरकारशी बोलायला बसायचं, ही भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांच्या ‘महिला मिलन’ने रुजवलेली रीत नैरोबीच्या बचतगटांतही चालते. पुढे जागतिक बँकेच्या पैशातून रुळांपासून सुरक्षित अंतरावर घरं बांधली गेली आणि विक्रेत्यांसाठी गाळेही. काम व्हायला वर्षं लागली. पण रस्ता मोकळा करणं आणि धंदा वाचवणं या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झालं.

म्हणून मागणी साधी असावी. बाजाराला कायम जागा आणि ती हटवायची तर आधी पर्याय, पाण्याला सगळीकडे एकच दर, दवाखान्याचा खर्च गल्ल्यातून जाऊ नये म्हणून आरोग्याचं संरक्षण, आणि सर्वांत गरीब घरांच्या हातात थेट पैसा. कर्ज आणि प्रशिक्षण यांचा क्रम त्यानंतर. यातली एकही गोष्ट टपरीवाल्याला ‘उद्योजक बना’ असं सांगत नाही, कारण तो आधीच उद्योजक आहे. रुळांलगतच्या मांडणीवरची बाई रोज संध्याकाळी भाजी पडत्या भावाने काढून टाकते. रात्री ठेवायला जागा नसते आणि उघड्यावर ठेवलं तर सकाळी सापडेल याची खात्री नसते. दार आणि कुलूप असलेल्या गाळ्यात तीच बाई उरलेली पोती आत ढकलून घरी जाऊ शकते. तिच्या धंद्यात ‘उद्या’ हा शब्द येतो तो त्या कुलपापासून.